उन्हाळ्यात गॅस टर्बाइनचा लोड (मिळणारी वीज) का घटतो, आणि बाहेरून हवा देऊन तो कसा वाढवता येतो

टर्बाइनच्या नेमप्लेटवरचा मेगावॉटचा आकडा 15 अंश सेल्सिअस तापमान, 60 टक्के आर्द्रता आणि समुद्रसपाटी धरून दिलेला असतो. मे महिन्यात दुपारी 40 अंशांवर हवा त्या मानाने सुमारे 8 टक्के विरळ असते. मशीन तेवढ्याच घनमीटर हवा ओढतं, पण तिचं वजन कमी भरतं. शिवाय गरम हवा दाबायला ताकद जास्त लागते. म्हणून विजेची गरज सर्वांत जास्त असते, नेमका तेव्हाच लोड खाली येतो.

कोरड्या हवेत इनलेटला, म्हणजे हवा आत शिरते तिथे, पाण्याचा फवारा मारणं हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. विदर्भातल्या ग्राहकांना आम्ही आधी तोच सुचवू. उरण, ट्रॉम्बे, दाभोळच्या किनारपट्टीवर मात्र हवाच दमट, त्यामुळे फवाऱ्याने तापमान फारसं उतरत नाही, आणि डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा खर्च होतो तो होतोच.

अशा ठिकाणी दाबाखालची हवा थेट मशीनमध्ये सोडता येते. समजा, टर्बाइनच्या पात्यांवर 100 मेगावॉट तयार होतात. त्यातले 50 त्याच शाफ्टवरचा, आत येणारी हवा दाबणारा कॉम्प्रेसर खातो, जनरेटरला 50 उरतात. आता कॉम्प्रेसरच्या पुढे, ज्वलनकक्षाच्या आधी, 2 टक्के जादा हवा बाहेरून दिली आणि त्या प्रमाणात गॅस वाढवला, तर पात्यांवर साधारण 102 होतात. ही हवा दाबण्याचं काम शाफ्टवर पडत नाही, म्हणून जनरेटरला जवळपास 52 मिळतात. हवा 2 टक्के, वीज 4 टक्के.

बाहेरची हवाही फुकट दाबली जात नाही. तिच्यासाठी वेगळं गॅस इंजिन आणि टप्प्याटप्प्याला हवा थंड करणारा कॉम्प्रेसर लागतो. थंड करत दाबल्यामुळे काम कमी लागतं, आणि मग इंजिनाच्याच एक्झॉस्टवर ती हवा पुन्हा तापवली जाते. थंड हवा तशीच सोडली तर तिला तापवायला गॅस जास्त जाळावा लागतो. दाबलेल्या हवेवर टर्बाइन चालवणं नवीन नाही: जर्मनीत हुंटॉर्फला 1978 पासून आणि अमेरिकेत अलाबामातल्या मॅकिंटॉशला 1991 पासून मिठाच्या थरांतल्या पोकळ्यांमध्ये साठवलेल्या हवेवर वीज तयार होते.

किती हवा देता येईल हे मशीनचा कॉम्प्रेसर ठरवतो. बाहेरून हवा आली की त्यातून हवा बाहेर पडते त्या तोंडाशी दाब चढतो. मर्यादा ओलांडली तर कॉम्प्रेसर सर्जमध्ये जातो, म्हणजे हवा उलटी फिरून पात्यांना हादरे बसतात. त्यामुळे सर्ज मार्जिन, म्हणजे त्या मर्यादेपर्यंत किती वाव आहे, ते तपासल्याशिवाय आम्ही कोटेशन देत नाही. दुसरी अट झडपांची. युनिट ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, की इंजेक्शनची (बाहेरून सोडलेली) हवा त्याच क्षणी बंद होऊन बाहेर सुटली पाहिजे, नाहीतर लोड गेलेला शाफ्ट ओव्हरस्पीड होतो. इंजेक्शनच्या लाइनवर शटऑफ (हवा बंद करणारी), व्हेंट (बाहेर सोडणारी) आणि नॉन-रिटर्न (उलटी जाऊ न देणारी) या तिन्ही झडपा हव्यातच, त्यात काटकसर नको.

ज्यांचा जनरेटर किंवा ट्रान्सफॉर्मर आधीच पूर्ण क्षमतेवर आहे, त्यांनी यावर पैसे घालू नयेत. गॅसच पुरेसा मिळत नसेल तर तेच, कारण जादा विजेला जादा गॅस लागतो.

चौकशी करताना एप्रिल-मे आणि डिसेंबरच्या लॉगशीट पाठवा. त्यात दर तासाचा लोड, इनलेटचं तापमान, कॉम्प्रेसर डिस्चार्जचा (त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचा) दाब आणि एक्झॉस्ट तापमान असावं. सोबत मागच्या ओव्हरहॉलचा रिपोर्टही जोडा: कॉम्प्रेसरची पाती मळलेली असतील, तर आधी ती धुऊन घेणंच सर्वांत स्वस्त पडेल.