आय-७ म्हणजे वेगवान लॅपटॉप? नावापेक्षा पिढी बघा

"जुना लॅपटॉप घ्यायचा तर आय-७च घ्या, आय-५ हळू चालतो," असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. आय-५, आय-७ ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपची, नावे. एकाच पिढीत, म्हणजे एकाच काळातल्या चिपमध्ये, तुलना केली तर तो बराचसा खराही असतो, म्हणूनच टिकून आहे. पण रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेल्या) लॅपटॉपच्या बाजारात वेगवेगळ्या पिढ्या शेजारी मांडलेल्या असतात.

उदाहरण घ्या. आय-७ ७५००यू मध्ये २ कोअर (चिपमधले काम करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामे) आहेत. आय-५ ८२५०यू मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे यातल्या दुसऱ्यावरच चालते. तरी स्टिकरवर '७' दिसतो म्हणून अनेकदा पहिल्यालाच जास्त भाव सांगतात.

पिढी आकड्यातच लिहिलेली असते: ७५०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक वाचा. १०२१० म्हणजे दहावी. स्टिकर बदलता येतो, त्यामुळे दुकानातच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि कोअर दिसतात. तिथेच 'डिस्क'वर एसएसडी (वेगवान साठवण) आहे की एचडीडी (जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क) तेही पाहा, कारण जुन्या हार्ड डिस्कवर कुठलाही प्रोसेसर रखडतो.

वाचलेले पैसे ८ जीबी रॅमवर घाला. मात्र अनेक पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच डकवलेली असते, नंतर वाढत नाही. रिकामा स्लॉट आहे का, हे आधीच विचारा.