वाऱ्यावर गेलेलं ॲव्हरेज

"मामा, कंपनीने चक्क गंडवलंय मला."

टेक्सासमधल्या माझ्या भाच्याचा फोन. वर्षापूर्वी त्याने पिकअप ट्रक घेतला, अमेरिकेत ज्याला फुल-साइझ म्हणतात तसा. पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोमॅटोचे क्रेट लादलेली छोटी गाडी येते. हा प्रकार निराळा आहे. लांबी सहा मीटरच्या आसपास, वजन सव्वादोन टनांच्या पुढे, बॉनेट माझ्या छातीएवढं उंच, आणि मागचा हौदा बहुतेक दिवस रिकामा. तिकडे अशा गाड्यांचं वेड जुनं आहे. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून तिथल्या ट्रकांमध्ये खपात पहिली आहे.

भाच्याची तक्रार अशी. गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या सरकारी लेबलवर हायवेसाठी गॅलनला २३ मैल लिहिलेले, आणि याला पडतात १७. आपल्या भाषेत, लिटरला पावणेदहा किलोमीटर सांगितले आणि मिळाले जेमतेम सव्वासात. टाकी फुल ते टाकी फुल असा वहीत लिहून काढलेला हिशोब होता, त्यामुळे आकड्यावर शंका घ्यायला तेव्हा तरी जागा दिसली नाही. "किती वेगाने जातोस?" मी विचारलं. "सगळे जातात तसाच. सव्वाशे."

इथेच अर्धं उत्तर मिळालं. पण उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे, म्हणून हा लेख.

लेबलवरचा आकडा येतो तो जागचा न हललेल्या गाडीतून. चाकं रोलरवर ठेवतात, समोर पंखा लावतात, आणि ड्रायव्हर पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करत राहतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, मूळ हायवे चाचणीत ७६५ सेकंदांत साडेसोळा किलोमीटर होतात. सरासरी वेग ताशी ७८, कमाल ९६. एसी बंद. वजन म्हणून गाडीखेरीज फक्त १३६ किलो धरायचे, म्हणजे दोन माणसं, तीही बारीक. पेट्रोल टाकीतून मोजत नाहीत. धुराड्यातून आलेला वायू पिशव्यांत भरून त्यातला कार्बन मोजतात, आणि कार्बनवरून किती पेट्रोल जळलं हे काढतात. लोकांची ओरड वाढल्यावर २००८ च्या मॉडेलांपासून आणखी तीन चाचण्या जमेस धरायला लागले. एक १२९ किलोमीटरपर्यंत पळवण्याची, एक ३५ अंश उन्हात एसी लावून, एक उणे ७ अंश थंडीत. मात्र प्रत्येक मॉडेलवर पाचही चाचण्या होतातच असं नाही. पुष्कळदा जुन्या दोन चाचण्यांच्या आकड्यांना सूत्र लावून लेबल तयार होतं.

आपल्याकडे यापेक्षा वेगळं काही नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, आणि शोरूममधला 'एआरएआय मायलेज' हा शब्द कोथरूडपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. भारतीय चाचणीचक्रात तर वेगाची कमाल मर्यादाच ९० आहे. तो आकडा आणि एक्स्प्रेसवेवर पडणारा आकडा यांत अंतर असतं, ते याच जातीचं.

आता माझा आवडता प्रश्न. गाडी जागेवरच उभी आहे, तर तिला वारा अडवतो कसा? समोरचा पंखा असतो तो इंजिन तापू नये म्हणून. मग रोलरला कसं कळतं की ताशी ९६ ला या ट्रकला वारा किती जोराने मागे ढकलेल?

ते आधी बाहेर मोजून आणावं लागतं, आणि मोजण्याची रीत इतकी साधी आहे की शाळेच्या प्रयोगवहीत शोभेल. सपाट, सरळ धावपट्टीवर गाडी ताशी ११५ च्या वर न्यायची, न्यूट्रल करायची आणि सोडून द्यायची. ती आपोआप मंदावत १५ पर्यंत येते. वेग किती सेकंदांत किती उतरला ते नोंदवायचं. वस्तुमान माहीत, मंदन माहीत. दोहोंचा गुणाकार म्हणजे गाडीला मागे खेचणारं बल. वारा नसलेला दिवस शोधून दोन्ही दिशांना हे पुन्हा पुन्हा करायचं. यातून तीन आकडे निघतात. एक वेगाशी संबंध नसलेला (टायरचं घर्षण बहुतांशी यात येतं), एक वेगाबरोबर वाढणारा, एक वेगाच्या वर्गाबरोबर वाढणारा. हे तीन आकडे रोलरला शिकवले की रोलर तेवढाच विरोध करतो. म्हणजे प्रयोगशाळेतला वारा हा एक आकडा असतो, आणि तो आकडा बहुधा कंपनीनेच मोजून दिलेला असतो. २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किया यांना अमेरिकेत आपल्या बऱ्याच गाड्यांची लेबलं खाली आणावी लागली, ती याच मंदावण्याच्या चाचणीतल्या गडबडीमुळे. २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंडही बसला. तेव्हा भाच्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता. पण त्याच्या बाबतीत एवढं दूर जायची गरज नाही.

तिसरा आकडा, वर्गाचा, हाच खरा खादाड. शाळेतलं सूत्र आहे: हवेचा विरोध म्हणजे अर्धा, गुणिले हवेची घनता, गुणिले आकाराचा गुणांक, गुणिले समोरचं क्षेत्रफळ, गुणिले वेगाचा वर्ग. फुल-साइझ पिकअपचा आकाराचा गुणांक साधारण ०.३८ धरा आणि समोरचं क्षेत्रफळ ३.३ चौरस मीटर. दोहोंचा गुणाकार सव्वा. चांगल्या सेडानचा हाच गुणाकार ०.६ च्या घरात असतो. म्हणजे एकाच वेगाला पिकअप दोन सेडानएवढा वारा ढकलतो. आता टायरचा विरोध २२५ न्यूटन धरून हिशोब करू. ताशी ७८ ला वाऱ्याचा विरोध ३५० न्यूटन, एकूण ५७५. ताशी १२५ ला वाऱ्याचा विरोध ९००, एकूण ११२५ च्या वर. तेवढ्याच किलोमीटरला जवळपास दुप्पट काम! पेट्रोल अगदी दुप्पट जळत नाही, कारण हलक्या कामात इंजिन आळशी असतं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, अर्धवट मिटलेला, आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच काही ताकद वाया जाते. भार वाढला की इंजिन जरा शिस्तीत येतं. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाव भाग चाकांपर्यंत पोचवतं असं धरलं, तर ताशी १०० ला लिटरमागे सुमारे ९.९ किलोमीटर निघतात आणि १२५ ला ७.१. भाच्याची वही काय सांगते? सव्वासात.

ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या दरम्यान एक टोल रस्ता आहे, त्यावर वेगमर्यादाच ताशी ८५ मैल, म्हणजे १३७ किलोमीटर. अमेरिकेतली सर्वांत जास्त. तिथे काय होत असेल ते वाचकांनी काढावं.

यात समोरून येणारा वारा धरलेलाच नाही. गाडी १२५ ला आणि समोरून २५ चा वारा, तर हवेसाठी वेग १५० झाला आणि विरोध ४४ टक्क्यांनी वाढला. परतताना तोच वारा पाठीशी असेल तर विरोध ३६ टक्क्यांनी घटतो. ४४ आणि ३६. जाता-येता फिटंफाट होत नाही. वर्गाचं सूत्र प्रत्येक फेरीत थोडं स्वतःच्या खिशात टाकतं.

आता हौदा. पिकअपचा विरोध इतका का, याचं उत्तर बहुतेक लोक पुढे शोधतात, त्या भिंतीसारख्या नाकात. नाकाचा वाटा आहेच, पण हवेला फाडण्यापेक्षा ती पुन्हा जुळवणं कठीण. केबिनच्या छताच्या मागच्या कडेवरून हवा सुटते ती खाली वळू शकत नाही, सरळ मागे निघून जाते. केबिनच्या पाठीमागे कमी दाबाचा खिसा तयार होतो, आणि पुढे जास्त दाब, मागे कमी, असं झालं की गाडी मागे ओढली जाते. मासा पुढे गोल आणि मागे निमुळता असतो तो यासाठीच. पिकअपला मात्र निमुळतेपणाच्या जागी हौदा आहे.

मग अनेकांना वाटतं, हौद्याचा मागचा फाळका वाऱ्याला अडवणारी भिंतच आहे. तो खाली पाडला की वारा निघून जाईल आणि ॲव्हरेज वाढेल. भाचाही महिनाभर फाळका पाडून हिंडला. ओढ्यातला मोठा धोंडा आठवा. त्याच्या मागे पाणी गोल गोल फिरत असतं, त्यात पानं अडकतात, आणि मुख्य प्रवाह त्या भोवऱ्याला वळसा घालून निघून जातो. हौद्यात तेच होतं. वरची हवा फाळक्याला लागते, खाली वळते, हौद्याच्या तळावरून उलटी केबिनकडे येते, केबिनच्या पाठीने वर चढते. असा आडवा भोवरा हौद्यात कोंडून राहतो आणि छतावरून आलेला प्रवाह त्याच्यावरून, जणू गादीवरून, घसरत फाळक्यापलीकडे जातो. फाळक्यावर दाब पडतो हे खरं, तेवढं नुकसान आहे. पण भोवऱ्यामुळे केबिनच्या पाठीवरचं शोषण कमी होतं, आणि हा फायदा सहसा त्या नुकसानीहून मोठा ठरतो. फाळका पाडला की भोवऱ्याची एक भिंतच गेली. तो विस्कटतो, छतावरचा प्रवाह हौद्यात कोसळतो, मागचा खळबळाट वाढतो. प्रत्यक्षात हे सगळं त्रिमितीय असतं, बाजूच्या पत्र्यांवरून आत येणारी हवा वेगळेच पीळ घालते, आणि फाळक्याच्या मागे मध्यरेषेवर प्रवाह चक्क खाली झुकतो, हे पवनबोगद्यात पिकअपच्या प्रतिकृतींवर मोजलेलं आहे. थोडक्यात, फाळका लावलेलाच बरा. हौद्यावर सपाट झाकण घातलं तर विरोध थोडासा, काही टक्क्यांनीच, कमी होतो. झाकणवाले सांगतात तेवढा नव्हे.

वारा हाच मुख्य चोर आहे याचा सुंदर पुरावा एका लेबलवरच छापलेला आहे. फोर्डच्या २०२१ च्या एफ-१५० हायब्रिड पिकअपच्या फोर-व्हील-ड्राइव्ह मॉडेलचे आकडे: शहरात २४, हायवेला २४, एकत्रित २४. साध्या इंजिनाच्या पिकअपला हायवेला शहरापेक्षा पाच-सहा मैल जास्त मिळतात, मग इथे का नाही? हायब्रिड ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घेतं, म्हणून शहरात सुधारतं. वाऱ्याला दिलेली ऊर्जा कोणतीही बॅटरी परत आणू शकत नाही.

मागे कॅम्पिंगची उंच पेटीसारखी ट्रेलर लावली की ॲव्हरेज निम्म्यावर येतं. लोक वजनाला दोष देतात. सपाट रस्त्यावर वजनाचा वाटा टायरपुरता; खरी बाधा केबिनच्या वर डोकावणाऱ्या त्या भिंतीची. छोट्या टर्बो इंजिनाचं दुखणंही अशा वेळी उफाळतं. ओझं वाढलं की टर्बो जोरात चालतो, आणि भाग थंड ठेवायला काही वेळा जास्तीचं पेट्रोल फवारावं लागतं. फोर्डच्या टर्बो इंजिनांच्या 'इकोबूस्ट' या नावावर मालकांमध्ये थट्टा चालते: इको घ्या नाहीतर बूस्ट घ्या.

भाच्याने टायरही मोठे बसवलेत, जाड नक्षीचे. ते लोळायला जड, हे उघड. न दिसणारी गोष्ट अशी की टायरचा व्यास ५ टक्के वाढला की ओडोमीटर ५ टक्के कमी किलोमीटर दाखवतो, कारण त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. म्हणजे २३ आणि १७ यांच्यातल्या फरकातला एखादा मैल वाऱ्याने खाल्लेलाच नव्हता, मीटरने मोजलाच नव्हता.

दरम्यान त्याने इंधनाच्या नळीवर बसवायचं चुंबक ऑनलाइन मागवलं होतं, 'रेणू सरळ रांगेत उभे करणारं'. अशी चुंबकं, गोळ्या, हवा फिरवणाऱ्या चकत्या यांपैकी शंभरावर वस्तू ईपीएने तपासल्या. बहुतेकांचा उपयोग शून्य, आणि थोड्यांचा नावापुरता. पेट्रोलचे रेणू चुंबकाला भीक घालत नाहीत. बंपरला टांगलेली लिंबू-मिरची निदान स्वस्त तरी असते, आणि तिचा हवेला होणारा विरोध नगण्य आहे.

मी त्याला एकच सांगितलं: एक टाकी १०५ ने चालवून बघ. त्याने चालवली. उजव्या लेनमधून, लोकांचे हॉर्न ऐकत. २१ पडले.

"चारच वाढले," तो म्हणाला. इथे आणखी एक घोटाळा आहे, आणि त्यावर लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांचा निबंध २००८ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला होता. आपण 'लिटरला किती' मोजतो, पण खिसा 'किलोमीटरला किती'ने रिकामा होतो. वर्षाला २०,००० किलोमीटर धरले तर गॅलनला १७ मैलांवरून २१ ला आल्याने सुमारे ५२५ लिटर वाचतात. ४० वरून ४४ ला गेलेल्या छोट्या गाडीचे वाचतात जेमतेम १०७. चार तेच, पण खादाड गाडीचे चार पाचपट मोलाचे. अमेरिकेतल्या लेबलवर २०१३ च्या मॉडेलांपासून 'शंभर मैलांना किती गॅलन' हाही आकडा छापतात, पण बारीक अक्षरात.

हा हिशोब मी त्याला लिहून पाठवला. "बरोबर आहे मामा," असं उत्तर आलं. पुढच्या टाकीचा आकडा मात्र त्याने अजून कळवलेला नाही.