कॉलेजची पॅन्ट आणि कापसाचा पैसा

कॉलेज जून-जुलैत सुरू होतं. नेमक्या त्याच दिवसांत वऱ्हाडातल्या कोरडवाहू घरात पैसा नसतो. होता तेवढा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. कापूस विकून रक्कम हाती येते ती दिवाळीच्या पुढेमागे. म्हणून तालुक्याच्या गावी शिकायला जाणारं पोरगं पहिलं सत्र दहावीच्या पॅन्टवर काढतं, आणि नवे कपडे अंगावर येईपर्यंत वर्गातले गट ठरून गेलेले असतात. इथल्या मुलांच्या पेहरावाकडे मी याच अडचणीपासून पाहतो.

१९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघालं. तेव्हाच्या विद्यार्थ्याचा वेष धोतर, कोट, टोपी असा. धोतर गावातही होतंच, पण त्याचं सूत किती जाड आणि ते किती खाली पोचतं, यावरून माणूस कुणाच्या घरचा ते कळे. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, कपडे मिळत ते त्या बोलीतले. आणि अस्पृश्य ठरवलेल्या ज्या घरांच्या वाट्याला मढ्यावरचं कापड यायचं, त्यांना निवड कसली?

म्हणूनच दोन कपड्यांनी इथे दोन वेगळे अर्थ घेतले. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, वर्धा खादीचं केंद्र झालं. सधन घरच्या मुलाला जाडंभरडं नेसण्यात प्रतिष्ठा वाटू लागली. पण ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडंच होतं, त्याला तो त्याग वाटणं शक्य नव्हतं. त्याच्यासमोर बाबासाहेबांचा सूट होता. अस्पृश्यतेची खूण सांगणारी वस्त्रं आणि दागिने टाका, हे त्यांनी १९२७ साली महाडला सांगितलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षेसाठी लोक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. १९४४ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीमुळे या घरांतली मुलं पुढे कॉलेजात पोचली, तेव्हा इस्त्रीचा शर्ट आणि आत नीट खोचलेला इन ही त्यांच्यासाठी हक्काची गोष्ट होती. तिला नटणं म्हणणाऱ्यांना हा इतिहास कळलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

गाडगेबाबा स्वतः चिंध्यांच्या गोधडीत फिरले. कीर्तनात मात्र सांगायचे की लुगडं कमी भावाचं घ्या, हातावर भाकर खा, पण पोराला शाळेत घाला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.

सत्तरच्या दशकात खरा बदल केला तो टेरिकॉटने, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत मिसळलेल्या कापडाने. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीत, म्हणजे फक्त सरकारी खरेदीत, जाऊ लागला, आणि तो पिकवणाऱ्याच्या मुलाच्या अंगावर सुतापेक्षा पॉलिएस्टर जास्त दिसू लागलं. कारण सरळ होतं. वसतिगृहातल्या मुलाकडे एकच जोड असायचा. रात्री धुतलेलं टेरिकॉट सकाळी वाळलेलं असे, त्याला इस्त्रीही फारशी लागत नसे आणि ते वर्षानुवर्षं फाटत नसे. बेलबॉटम आली तशी गेली. एका जोडावर वर्ष निघण्याची सोय मात्र राहिली.

शिवायला टाकताना बाप टेलरला सांगायचा, “वाढत्या अंगाचं शिवा.” टेलर शिलाईत माया, म्हणजे जादा कापड, ठेवायचा, पायाची दुमड खाली आतून जास्त घ्यायचा. पुढच्या वर्षी ती उसवली की जुन्या दुमडीची रेघ गडद उमटून दिसे. ती रेघ आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी वर्गात पाय बाकाखाली ओढून लपवली आहे.

नव्वदनंतर जीन्स आणि रेडिमेड आलं. अमरावतीजवळ नांदगावपेठला तयार कपड्यांच्या ठोक बाजारपेठा उभ्या राहिल्या, तिथला माल आठवडी बाजारापर्यंत पोचू लागला. कपडा स्वस्त झाला, निवड वाढली. पण रेडिमेडमध्ये माया नसते. एका वर्षात पॅन्ट आखूड झाली की झाली. आता मोबाईलवर मागवलेलं पार्सलही तालुक्याला येतं. पैसे मात्र अजूनही कापसाच्याच हंगामात येतात.

काही कनिष्ठ महाविद्यालयांनी गणवेश लावला आहे, आणि मला तो मनापासून पटतो. तरीही खेड्याहून येणाऱ्या मुलाचा पाय तेवढ्याने झाकला जात नाही. जुलैत पांदणीची काळी माती चपलेला आणि पॅन्टच्या काठाला गच्च धरते. एसटी स्टँडवर उतरलं की ही मुलं आधी नळाशी जातात, पाय धुतात, काठ पिळतात आणि मग कॉलेजच्या रस्त्याला लागतात.