दाव्याची तीन वर्षांची मुदत: हा आकडा आला कुठून?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते कागद. कर्जाचे रोखे आणि हिशोबाच्या चोपड्या ताब्यात घेऊन त्यांनी पेटवून दिल्या. दख्खनच्या या दंग्यांची कारणे सांगताना कापसाचे कोसळलेले भाव आणि वाढलेला शेतसारा यांचा उल्लेख होतो, आणि तो रास्त आहे. पण आणखी एक कारण होते, त्याकडे फारसे कुणी वळत नाही. ते म्हणजे १८५९ चा मुदतीचा कायदा, म्हणजे कोर्टात दावा किती वर्षांच्या आत लावायचा हे ठरवणारा कायदा.

त्याआधी मुदतीला एक माप नव्हते. याज्ञवल्क्य स्मृतीत दुसरा आपली जमीन वीस वर्षे उपभोगत असताना मालक पाहून गप्प बसला तर त्याची हानी होते, जंगम वस्तूंसाठी दहा वर्षे, असे सांगितले आहे. त्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरा या आपल्या टीकेत अर्थ लावला की हानी होते ती उत्पन्नाची, जमिनीची नव्हे. हक्क इतक्या सहज जाऊ नये, ही काळजी तेव्हाही होती. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यात १८२७ चे पाचवे रेग्युलेशन, म्हणजे तेव्हाचा कायदा, आले. तीस वर्षांहून अधिक अखंड वहिवाट हा जमिनीवरच्या मालकीचा पुरावा मानला गेला. बंगालचे रेग्युलेशन वेगळे, मद्रासचे वेगळे, आणि मुंबई शहरातल्या सुप्रीम कोर्टात तर इंग्लंडचा १६२३ चा कायदा चाले.

हा गोंधळ मिटवण्यासाठी १८५९ चा चौदावा कायदा झाला. जमिनीसाठी बारा वर्षे आणि नोंदणी न झालेल्या साध्या रोख्यासाठी तीन वर्षे. जुनी, पुरावा हरवलेली भांडणे कोर्टात येऊ नयेत आणि व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा हेतू होता. कागदावर तो कर्जदाराच्या बाजूचाच होता.

गावात मात्र उलटे घडले. तिसरे वर्ष संपत आले की सावकार कुळाला, म्हणजे आपल्या कर्जदाराला, बोलावी. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिला जाई आणि त्यावर कुळाचा अंगठा. नाही म्हटले तर उद्या दावा. एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, हा दामदुप्पटीचा जुना नियम इलाख्यात पाळला जात होता. पण व्याज एकदा नव्या रोख्यात मुद्दल झाले की नियमाची पकडच सुटे. ज्या मुदतीने शेतकऱ्याला वाचवायचे, तिनेच दर तीन वर्षांनी त्याच्या गळ्यातला फास आवळला. मला या साऱ्या इतिहासात हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लिहिता-वाचता न येणाऱ्याला कायद्याने दिलेले संरक्षण, लिहिता येणाऱ्याच्या हातात पडले.

दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने हे नोंदवले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. शेतकऱ्याविरुद्धच्या पैशाच्या दाव्याची मुदत त्यात लांबवली, म्हणजे रोखा वारंवार बदलण्याचे निमित्त उरू नये. शिवाय न्यायाधीशाला रोख्यामागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासता येऊ लागला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

मुदतीचा मूळ कायदा १८७१, १८७७ आणि १९०८ असा नव्याने लिहिला गेला. स्वातंत्र्यानंतर मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५६ मध्ये आपला तिसरा अहवाल याच विषयावर दिला आणि सध्याचा १९६३ चा कायदा तयार झाला. तो १ जानेवारी १९६४ पासून लागू आहे. १८३ अनुच्छेदांचे १३७ झाले, सरकारच्या दाव्यांची साठ वर्षांची मुदत तीसवर आली. जमिनीच्या मालकाला मोठा दिलासा मिळाला. पूर्वी गेल्या बारा वर्षांत आपला कब्जा होता हे काही दाव्यांत मालकालाच सिद्ध करावे लागे. आता मालकी दाखवून कब्जा मागणाऱ्याच्या विरुद्ध, आपला कब्जा बारा वर्षे प्रतिकूल, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे ठेवलेला, होता हे समोरच्याला दाखवावे लागते.

गोव्याचा प्रश्न वेगळाच होता. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता होती, आणि तिच्यातली सर्वसाधारण मुदत वीस किंवा तीस वर्षांची. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तिथे चालू राहील असे म्हटले होते. २००१ मध्ये भूमिका बदलली आणि गोव्यातल्या दाव्यांनाही १९६३ चाच कायदा लागू झाला.

आज हातउसने, करारभंग, खत रद्द करून मागणे, कराराची पूर्तता या सर्वांना साधारण तीन वर्षेच. मोजायची कुठून हे मात्र प्रत्येकाचे वेगळे: कधी कर्ज दिल्याच्या दिवसापासून, कधी फसवणूक उघड झाल्यापासून. मुदतबाह्य दावा प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी कोर्टाला फेटाळावाच लागतो. विलंब माफीचा अर्ज अपिलाला चालतो, मूळ दाव्याला नाही, आणि इथेच पुष्कळ माणसे फसतात. तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून घड्याळ थांबत नाही.

मुदतीचे घड्याळ पुन्हा नव्याने सुरू होते फक्त मुदतीच्या आत दिलेल्या लेखी, सहीच्या कबुलीने, किंवा रक्कम भरून त्याची लेखी नोंद केल्याने. कर्जदाराकडून ठराविक काळाने बाकी मान्य असल्याच्या कागदावर सही घेतली जाते ती याच नियमासाठी. मुदत उलटल्यानंतर नुसत्या कबुलीला अर्थ नाही. पण ‘मी फेडीन’ असे स्पष्ट वचन लिहून सही केली, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मेलेले कर्ज पुन्हा वसूल करता येते. सही करण्याआधी कागदावर या दोन्हींपैकी काय लिहिले आहे ते वाचावे, आणि जुन्या सहीची तारीखही पाहावी.