झाडीपट्टीतली नटी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर पैसे घेऊन काम करणारी स्त्री कलावंत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा थोडा भाग म्हणजे झाडीपट्टी, धानाचा आणि जंगलाचा मुलूख. इथल्या नट्यांमध्ये गावातून वर आलेल्या आहेत, नागपूरच्या आहेत, आणि मॉडेलिंग करत करत मालिकेत पोचलेल्या, मग हिवाळ्यात इकडे नाटकाला येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पण आहेत.

नटी या रंगभूमीवर आली कुठून, हा प्रश्न रंगभूमीच्या उगमाशीच अडकलेला आहे आणि त्यावर एकमत नाही. एक मत असं की मूळ दंडारीत. दंडार म्हणजे धानकापणीच्या आगेमागे गावातलेच लोक करायचे तो खेळ, गाणं नाच सोंग सगळं एकत्र, आणि त्यात बाईचं सोंग पुरुषच घ्यायचा, लुगडं नेसून. भंडाऱ्याकडच्या खडी गंमतीतही, म्हणजे तमाशासारख्या लोकनाट्यातही, नाच्या पोऱ्याच असायचा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या झाडीबोलीच्या (इकडच्या बोलीच्या) अभ्यासकांनी दंडारीवर बरंच काम केलंय त्यामुळे हे मत इकडे जास्त चालतं. दुसरं मत, की संगीत नाटक शहरातून आलं आणि गावोगावच्या हौशी मंडळांनी ते उचललं, नवरगावसारख्या गावांत नाट्यमंडळाची परंपरा जुनी आहेच. 'दीडशे वर्षांची परंपरा' असं भाषणात सर्रास ठोकतात पण हा आकडा अंदाजच धरावा, मराठी नाटकाची सुरुवात मानला जाणारा विष्णुदास भावेंचा सांगलीचा पहिला खेळच १८४३ चा. खरं तर दोन्ही मतं एकमेकांना कापत नाहीत. पडदा, पेटी, अंक हे शहरातून आलं असेल, पण रात्रभर बसून बघायची सवय, मध्येच गाणं आणि विनोदवीराचा धुडगूस हे दंडारीचंच वाटतं, आणि बाईच्या कामासाठी पुरुष उभा करायचा हे तर दोन्हीकडे होतं, त्यामुळे त्यावरून निकाल लागत नाही.

मुंबईत १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या नाटकात स्त्रियांनीच स्त्रियांची कामं केली, तो टप्पा सगळे सांगतात. झाडीपट्टीत हे बरंच उशिरा, बहुधा स्वातंत्र्यानंतरच्या दोनतीन दशकांत हळूहळू झालं असावं. गावातली पोरगी स्टेजवर चढवायला घरचे तयार नसायचे म्हणून मंडळं नागपूरहून 'लेडीज' आणायची, बाकी सगळी पात्रं गावातलीच. म्हणजे बाहेरची हिरोईन ही टीव्हीनंतरची फॅशन नाही, टीव्ही यायच्या आधीचीच रीत आहे.

आता धंदा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा म्हणजे देसाईगंजभोवती फिरतो, कंपन्यांची ऑफिसं तिथेच. भाऊबीज झाली की मंडई म्हणजे गावोगावची जत्रा सुरू होते, तेव्हापासून होळीच्या आसपासपर्यंत सीझन. गावचं मंडळ कंपनी ठरवतं, धान निघालेल्या शेतात जमीन उतरती खोदून प्रेक्षकांची बैठक करतात, मंडप टाकतात, रात्री दहाच्या पुढे नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. नटीचा हिशोब नाईटवर म्हणजे प्रयोगावर असतो, जितक्या नाईट तितके पैसे. तालमी फार होत नाहीत, प्रॉम्प्टरच्या जिवावर नाटक उभं राहतं, तेव्हा जिचा कान तयार ती टिकते. चेहरा नंतर. गाणं येत असेल तर सोन्याहून पिवळं कारण संगीत लाइव्ह असतं. आज एका तालुक्यात तर उद्या दुसऱ्या जिल्ह्यात, झोप गाडीतच. वय वाढलं की हिरोईनची आई होते आणि ही बढती लवकर मिळते.

टीव्हीचा परिणाम मात्र दांडगा झाला. अल्फा मराठी १९९९ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी, आणि मालिकेतले चेहरे गावागावात ओळखीचे झाले. मग फ्लेक्सवर नटीच्या नावाखाली मालिकेचं नाव मोठ्या अक्षरात यायला लागलं, नाटकाचं नाव (बहुतेक वेळा मध्ये 'अर्थात' घातलेलं, लांबलचक) त्याच्या खाली. गर्दी जमते हे खरं. पण मालिकेत तुकड्यातुकड्याने शॉट द्यायची सवय लागलेलीला चारपाच तास हजारोंच्या मांडवात आवाज टिकवणं जड जातं, आणि एका सीझननंतर न दिसणाऱ्या पाहुण्या नट्या कमी नाहीत. भाषेचा अडसर तेवढा नसतो. हिरो-हिरोईन प्रमाण मराठीच बोलतात, झाडीबोली विनोदी पात्रांच्या वाट्याला. याच बोलीतल्या विनोदावर गाजलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

उलट दिशेची वाट, म्हणजे झाडीपट्टीतून मालिकेत, अरुंद आहे. लोकल अल्बम, यूट्यूबवरची गाणी, एखादा छोटा रोल, एवढ्यावर पुष्कळदा थांबते. मालिकांना वैदर्भीय बोली हवी असते पण नटी तिथलीच हवी असं नाही. २०१६ ते २०२१ चाललेल्या 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली नागपूरची राधिका नाशिकच्या अनिता दातेने केली, आणि तिच्यासमोरची शहरी शनाया अकोल्यात जन्मलेल्या रसिका सुनीलने. गंमतच.

'डान्स हंगामा' नावाने होणारे नाचाचे कार्यक्रम वेगळे, त्यांना नाटकात धरू नये, जरी दोन्हीकडे नाचणाऱ्या मुली कधीकधी त्याच असल्या तरी. शंकरपटाशी, म्हणजे बैलांच्या शर्यतींशी, मात्र नाटकाचं नातं जुनं आहे, दिवसा पट आणि रात्री नाटक. सुप्रीम कोर्टाने मे २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या तेव्हा पटाच्या गर्दीवर होणाऱ्या नाईटना फटका बसला, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये कोर्टाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदाही उचलून धरला, तेव्हापासून पटाच्या गावात नाटकाचे फ्लेक्स परत लागतात.