शाईडागांच्या कार्डांचे वय

रोर्शाक चाचणीत माणसाला शाईचे डाग छापलेली कार्डे दाखवून ‘यात काय दिसते?’ असे विचारतात आणि उत्तरांवरून त्याचे मन जोखतात. ही दहा कार्डे कोल्हापुरात कोणाच्या हाती लागलीच, तर ती बहुधा एखाद्या कॉलेजच्या मानसशास्त्र विभागातली असणार, डेडस्टॉक रजिस्टरमधून नाव कमी झालेली. संच जुना आहे की नवा, हे मात्र डाग पाहून सांगता येत नाही. १९२१ पासून तेच दहा डाग, त्याच क्रमाने छापले जात आहेत: पाच काळे-करडे, दोन काळे-लाल, तीन रंगीत. म्हणून जमवणारा माणूस कार्ड आधी उलटे करून प्रकाशकाचे नाव शोधतो. त्या नावामागे बराच इतिहास आहे.

शाई सांडून कागदाची घडी घालायची आणि उमटलेल्या आकारात भुते-फुलपाखरे शोधायची, हा युरोपातल्या मुलांचा जुना खेळ. जर्मन कवी युस्टिनुस केर्नरने अशा डागांवर कविता केल्या. त्या त्याच्या पश्चात १८९० मध्ये प्रसिद्ध झाल्या. स्विस चित्रकलाशिक्षकाचा मुलगा हेरमान रोर्शाक याला तर शाळेत मित्र ‘क्लेक्स’, म्हणजे डागच, म्हणत. पुढे तो मनोविकारतज्ज्ञ झाला. त्याच्या आधी शिमोन हेन्सने १९१७ मध्ये आठ डाग वापरून लोकांची कल्पनाशक्ती तपासली होती. रोर्शाकला कल्पनाशक्तीत तेवढा रस नव्हता. माणूस काय पाहतो यापेक्षा कसे पाहतो, अख्खा डाग धरतो की कोपरा, त्याला हालचाल दिसते की रंग, याची तो नोंद ठेवी. त्याचे डागही अपघाताने पडलेले नव्हते. ब्रश घेऊन त्याने ते घडवले होते.

‘सायकोडायग्नोस्टिक’ हे पुस्तक आणि ही कार्डे बर्नच्या अर्न्स्ट बिर्शरने छापली. छपाईत आकार लहान झाला, रंग बदलले आणि सपाट काळ्या भागात करड्या छटा उतरल्या. रोर्शाकने ते दोष म्हणून फेकले नाहीत, छटांमध्ये त्याला नवी शक्यता दिसली. लिथोचे दिवस पाहिलेल्या आपल्याकडच्या जुन्या छापखानदारांना याचे फारसे नवल वाटणार नाही. पुस्तक फारसे खपले नाही आणि १९२२ मध्ये अपेंडिक्स फुटून रोर्शाक ३७ व्या वर्षी गेला. बिर्शरचे दिवाळे निघाले. १९२७ मध्ये बर्नच्याच हान्स हूबरने प्रकाशन हाती घेतले. म्हणजे बिर्शरचे नाव असलेला संच सर्वांत जुना आणि अर्थातच दुर्मिळ. आपल्याकडे सापडलाच तर हूबरचा सापडण्याची शक्यता अधिक.

स्वित्झर्लंडमधला स्वामित्वहक्क १९९२ मध्ये संपला. २००९ मध्ये विकिपीडियावर दहाही डाग झळकले, तेव्हा मानसशास्त्रज्ञांनी ओरड केली. ती मला रास्त वाटते. चाचणी आजही वापरात आहे आणि आधी पाहिलेला डाग कोरा राहत नाही. संच जमवावा, पण हॉलमध्ये फ्रेम करून टांगू नये.

ज्याला टांगायचेच आहे त्याने माझ्या मते टीएटीची, म्हणजे चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावणाऱ्या चाचणीची, भारतीय आवृत्ती शोधावी. हेन्री मरेच्या अमेरिकी चित्रांवरून उमा चौधरींनी ती १९६० मध्ये तयार केली. डागांना देश नसल्याने ते बदलावे लागले नाहीत. या चित्रांत मात्र माणसे असल्याने कपडे आणि चेहरे आपले करावे लागले. त्यांचा काळ ओळखायला कार्ड उलटावे लागत नाही. अर्थात वापरातली चाचणी तीही आहे, तेव्हा टांगायची तर आतल्या खोलीत.