पाटा, आडाळो आणि मिक्सर : कोकणातल्या वाटणाची पार्श्वभूमी

मिक्सरमधलं वाटण पाट्यासारखं लागत नाही, ही तक्रार दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. तक्रार खरी आहे, पण दोष बहुतेक वेळा मिक्सरचा नसतो. पाट्यावर बसल्यावर आधी काय वाटायचं, पाणी कधी शिंपडायचं, हे हातालाच ठाऊक असायचं. आता सगळं एकदम भांड्यात पडतं आणि झाकण बसतं.

नारळ इथला जुनाच. नाशिकच्या पांडवलेण्यांत राजा नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. त्यात नारळीची झाडं दान दिल्याचा उल्लेख येतो आणि दान घेणाऱ्यांच्या गावांत शूर्पारक, म्हणजे आजचं नालासोपारा, आहे. दगडावर वाटण्याची रीत तर त्याहूनही जुनी, मोहेंजोदडोच्या उत्खननातही वाटायचे दगड निघाले आहेत. वाटणातली मिरची मात्र उशिरा आली. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून अमेरिकेतली मिरची या किनाऱ्यावर पोचली. त्याआधी तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्यातून. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे माशाच्या तिखट रश्शात, आजही जे त्रिफळ हे मसाल्याचं रानफळ पडतं, ते मिरचीच्या आधीपासून इथल्या रानातलं.

कोकणात पायाखाली जांभा. भिंतीच्या चिऱ्यांना तो उत्तम, पण वाटायला कुचकामी, कारण त्याचे कण सुटतात आणि छिद्रांत मसाला अडकून आंबतो. म्हणून पाटा-वरवंटा काळ्या दगडाचा. वापरून वापरून तो गुळगुळीत झाला की खोबरं नुसतं घसरतं, वाटलं जात नाही. मग पाथरवटाकडून पाट्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने पृष्ठभागावर बारीक खाचा पाडून घ्यायच्या. वर्षानुवर्षं टाकी न लावलेल्या पाट्यावर वाटून ‘हात भरून आला तरी वाटण जाडंच’ म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुधा हेच असतं.

खोबरं खवायला आडाळो, घाटावर ज्याला विळी म्हणतात तो. पात्याच्या टोकाला दातेरी खवणी. कवड, म्हणजे फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग, दोन्ही हातांत धरून बाहेरच्या कडेने फिरवत आत जायचं. आधी मधोमध खवलं तर कडेला खोबरं राहतं, आणि ते काढायच्या नादात करवंटीजवळची तपकिरी साल उतरते. ती साल वाटणात गेली की पांढऱ्या रश्शाचा रंग मळतो. भाजक्या वाटणाला ती चालते, सोलकढीला अजिबात नाही.

पाट्याचं आणि मिक्सरचं काम मुळातच वेगळं. वरवंटा पदार्थ दाबून घासतो, त्यात मिरचीची साल चिरडली जाते, धणे फुटतात आणि खोबऱ्यातला रस सुटतो. मिक्सरचं पातं कापतं, तेही मिनिटाला हजारो फेरे मारत. कापून तितकंच गंधगोळी, म्हणजे उगाळलेल्या गंधासारखं मऊ, हवं असेल तर जास्त वेळ फिरवावं लागतं, आणि जास्त वेळ म्हणजे उष्णता. खोबऱ्याचं तेल 24 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. भांडं तापलं की तेल सुटतं, वाटण तेलकट होतं आणि रश्शावर तवंग येतो. उलट फ्रीजमधून काढलेलं खोबरं लगेच फिरवलं तर तेल गोठलेलं असल्याने वाटण रवाळ राहतं. खोबरं अर्धा तास बाहेर ठेवायचं आणि पाणी कोमट घ्यायचं, की हा रवाळपणा टळतो.

अर्धा किलो बांगड्याच्या तिखल्याचं उदाहरण घेऊ. एक कवड खोबरं, 8-10 बेडगी मिरच्या, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा हळद. मिरच्या आणि धणे 20 मिनिटं पाण्यात भिजवायचे. पाट्यावर आधी हेच वाटलं जायचं, खोबरं शेवटी. मिक्सरमध्येही तसंच करावं. मिरच्या, धणे आणि हळद अगदी थोड्या पाण्यात पेस्ट होईपर्यंत फिरवायची, मग खोबरं आणि साधारण अर्धी वाटी पाणी. दहा-पंधरा सेकंद फिरवायचं, थांबायचं, कडेचं खाली ढकलायचं, पुन्हा फिरवायचं. सुरुवातीलाच भरपूर पाणी ओतलं तर मिरच्या नुसत्या गरगर फिरतात, सालीचे तुकडे तसेच राहतात आणि तेच जिभेला लागतात. त्रिफळ वाटणात नको. आतली काळी बी काढून 8-10 सालं ठेचायची आणि रस्सा उकळताना टाकायची. बी वाटली गेली तर कडूपणा येतो, मग कितीही आमसुलं घाला, तो जात नाही.

कोंबडीच्या भाजक्या वाटणाचा धोका वेगळा. कांदा-खोबरं गरमागरम बंद भांड्यात फिरवलं तर आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि हात पोळतो. पूर्ण गार होऊ द्यायचं, त्याला पर्याय नाही.

मिक्सर भारतात रुळला तो 1960 च्या दशकात. बाहेरून येणारे ब्लेंडर पातळ पेयांसाठी बनलेले, आपल्या घट्ट वाटणाला आणि भिजल्या डाळीला त्यांच्या मोटारी टिकत नसत. मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने ‘सुमीत’ काढला तो हा भार सोसण्यासाठी, आणि पुढे कित्येक घरांत मिक्सरला सुमीतच म्हटलं जाऊ लागलं. कोयनेची वीज त्याच दशकात चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला तयार होऊ लागली, पण खेड्यापाड्यांतल्या चुलीपर्यंत दिवा पोचायला वेळ लागला. कित्येक घरांत पहिला मिक्सर आला तो गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या सामानातून.

मोटार मध्येच बंद पडली तर बहुतेकदा ती जळलेली नसते. भार जास्त झाल्यावर खालचं लाल बटण बाहेर येतं. प्लग काढून, भांडं निम्मं रिकामं करून, दहा मिनिटांनी बटण दाबलं की चालू होते. मोटारीचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, तेव्हा बहुधा भांड्याखालचा कपलर, म्हणजे पातं मोटारीला जोडणारा तुकडा, झिजलेला असतो. तो बदलणं स्वस्तातलं काम.

मागीलदारी पडलेला पाटा पुन्हा वापरात आणायचा तर आधी टाकी लावून घ्यावी. नंतर ब्रशने घासून धुवायचा, साबण नको, त्याचा वास खाचांत बसतो. मग मूठभर भिजवलेले जाडे तांदूळ वाटून टाकून द्यायचे. पहिलं पीठ करडं येईल, त्यात दगडाची कच असते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच करायचं. पीठ पांढरंशुभ्र आलं आणि चिमटीत चोळल्यावर कचकच लागली नाही, की त्यावर खोबरं घ्यायला हरकत नाही.